पाचवी तार

आमच्या घरात मागण्या नेहमी जेवताना येतात. तोंडात घास असला की मला 'नाही' म्हणता येत नाही, ही युक्ती चिरंजीवांनी आईकडून उचलली आहे. परवा मी आमटीचा भुरका घेत असताना ते म्हणाले, "बाबा, माझ्या बासला पाचवी तार बसवायची आहे."

बास म्हणजे बास गिटार. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने ती जुनी विकत घेतली. तिला चार तारा. त्या चारही मला आजवर कधी नीट ऐकू आल्या नव्हत्या. ऐकू यायची ती खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार.

"तंबोऱ्याच्या चार तारांवर मोठमोठ्या गवयांचं आयुष्य निभावलं," मी घास गिळून म्हणालो. "तू आधी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास कर. माणसाला हिशेब आला की पोटाची चिंता नाही."

"ज्याने ही बास गिटार घराघरांत पोचवली, तो हिशेबनीसच होता, बाबा."

मी बी.कॉम. आहे. हिशेबनीसाचं नाव निघालं की खातं तपासल्याशिवाय मला झोप येत नाही. रात्री बसून तपासलं, आणि काय सांगू, पोरगा खरं बोलत होता!

लिओ फेंडर. जन्म 1909, कॅलिफोर्निया. कॉलेजात शिकला तो जमाखर्च. पुढे हायवे खात्यात हिशेब लिहू लागला. मंदी आली, नोकरी गेली. मग एका टायर कंपनीत हिशेब. तिथूनही नारळ मिळाला. शेवटी 1938 साली 600 डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टन गावात रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटारी त्यानंतरच्या. आणि गंमत म्हणजे हा गृहस्थ स्वतः गिटार वाजवायला कधीच शिकला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

त्या काळी खालचे सूर वाजवायला डबल बास असे. माणसापेक्षा उंच, न्यायला गाडीचा टप लागणार, आणि इतर वाद्यांचा गलका सुरू झाला की ऐकू न येणार. लिओने 1951 साली गळ्यात अडकवता येईल असा विजेचा बास काढला. दांडीवर पडदे बसवले, त्यामुळे सूर नेमका लागे. नाव ठेवलं 'प्रिसिजन'. पैन्‌पै जुळवणारा माणूस दुसरं काय नाव ठेवणार? तारा मात्र डबल बासच्याच चार: ई, ए, डी, जी.

1965 साली लिओने कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. त्याच वर्षी कंपनीने पाच तारांचा 'बास फाइव्ह' आणला. पण पाचवी तार कुठली? वरची, बारीक आवाजाची! तळमजला मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला गच्ची दाखवावी, तसा प्रकार. पडदेही पंधराच. 1970 साली ते खातं बंद झालं.

खालची तार आणली ती एका बापाच्या मुलानं. म्हणजे तशी सगळीच बापाची मुलं, पण जिमी जॉन्सनचे वडील मिनेसोटाच्या वाद्यवृंदात डबल बास वाजवत. मोठ्या वाद्यवृंदांतल्या काही डबल बासना ईच्याही खाली उतरणारी पाचवी तार असते. 1970च्या दशकाच्या मध्यावर जिमीने अलेम्बिक कंपनीची पाच तारांची गिटार घेतली, तारा ज्या पट्टीच्या खाचांत बसतात ती पट्टी (तंबोऱ्याची 'अटी' म्हणा ना!) बदलली आणि वरच्या बारीक तारेला रजा देऊन खाली जाडजूड बी बसवली. पुढे 1980च्या दशकात सिंथेसायझर ईच्या खाली आरामात उतरू लागले, तेव्हा पाचवी तार ही हौस न राहता पोटाचा प्रश्न झाली. बँकेत कोअर बँकिंग आलं तेव्हा आमच्यातले काही ज्येष्ठ माऊस धरायला शिकले, ते याच भावनेनं.

एवढं ज्ञान घेऊन आम्ही बापलेक वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने दांडी मोजली.

"साहेब, अटीपाशी 38 मिलिमीटर आहे. पाच तारांना 45 तरी हवी."

"थोडं सरकवून?"

"लोकलची चौथी सीट होईल. बसतील सगळ्या, पण धड कुणालाच बसता येणार नाही."

शिवाय खुंटीसाठी नवं भोक, घोडी नवी, आवाज उचलणारा पिकअप नवा. अंदाजपत्रक गिटारीच्या किमतीपुढे गेलं. चिरंजीवांचा चेहरा उतरला. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तेवढ्यात कारागीर म्हणाला, "पाच तारांचा संच आणा. सगळ्यात बारीक जी बाजूला ठेवा. खाचा जरा रुंद करून देतो. बी, ई, ए, डी लावा."

म्हणजे एकीला निवृत्ती आणि बाकीच्यांची एकेक जागा बदली! वर जी नावे पडली, खाली बी जमा झाली. ताळेबंद जुळला. जे हवं ते फुकट मिळत नाही, कुठल्या तरी खात्यावर नावे पडतंच, हे मी बावीस वर्षं लिहीत आलो होतो. हाताने चाचपून पाहिलं ते त्या दिवशी.

संध्याकाळी त्याने बी छेडली. सेकंदाला जेमतेम 31 कंपनं. कानाच्या आधी ती खुर्चीच्या पायांतून अंगात आली. फडताळातल्या वाट्या किणकिणल्या. सौ. बाहेर येऊन म्हणाली, "काय पडलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "परत वाजव रे."

बँकेच्या परीक्षेची पुस्तकं अजून टेबलावरच आहेत. लिओची नोकरी दोनदा गेली, हे मी विसरलेलो नाही. पण ती गेल्यावरच त्याचं बरं झालं, हेही आता विसरता येत नाही. उरलेली बारीक तार चिरंजीवांनी माझ्याकडे ठेवायला दिली आहे. मी ती त्या पुस्तकांवर गुंडाळून ठेवली. दोन्ही गोष्टी सांभाळून ठेवाव्यात. कधी कुठली लागेल, सांगता येत नाही.