जीपचं सस्पेन्शन गेलंय आणि बजेट कमी आहे? आधी काय बदलायचं, काय थांबू शकतं

बजाजनगरमधून निघालेली जुनी जीप पुणे महामार्गावर व्यवस्थित चालते. पण म्हैसमाळच्या घाटात वळणावर ती एका बाजूला झुकते, शेताच्या रस्त्याला लागली की खालून 'खट-खट' आवाज येतो आणि ब्रेक दाबला की बोनेट खाली जातं. गॅरेजमध्ये नेली की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, "सस्पेन्शन गेलंय, पूर्ण सेट टाकावा लागेल." पूर्ण सेट म्हणजे चार शॉकॲब्सॉर्बर, पाटे, बुश, बोल्ट आणि वर मजुरी. पगारावर घर चालवणाऱ्याच्या एका महिन्याच्या हिशोबात हा खर्च बसत नाही.

पण सस्पेन्शनचे सगळे भाग एकाच दिवशी खराब होत नाहीत. नेमकं काय गेलंय हे ओळखलं आणि काम योग्य क्रमाने केलं, तर खर्च दोन-तीन महिन्यांत वाटून घेता येतो. क्रम चुकला की पैसेही जातात आणि गाडीही तशीच राहते.

कोणता भाग काय काम करतो?

- पाटे किंवा कॉइल स्प्रिंग: गाडीचं वजन पेलतात आणि खड्ड्याचा धक्का झेलतात.
- शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे आपला शॉकअप: हा वजन पेलत नाही. स्प्रिंग दबून उसळली की तिची उसळी थांबवणं हे त्याचं काम.
- बुश आणि शॅकल: पाट्याची टोकं चेसीला जोडतात. बुशमधलं रबर धातूला धातूवर घासू देत नाही.
- यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट: यू-बोल्ट पाटे आणि ॲक्सल घट्ट बांधून ठेवतात. सेंटर बोल्ट पाट्यांना एकत्र आणि ॲक्सलला जागेवर ठेवतो.

आपल्या गाडीला काय बसवलेलं आहे हेही माहीत हवं. महिंद्राच्या एमएम ५४० किंवा मेजरसारख्या जुन्या जीपला चारही चाकांना पाटे असतात. बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे असतात. २०१० साली आलेल्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते, तर २०२० च्या नव्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत. पाट्यांच्या गाडीची दुरुस्ती सगळ्यात स्वस्तात होते, कारण पाट्यांच्या गठ्ठ्यातला फक्त तुटलेला पाटा बदलता येतो.

बिघाड कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

गाडीची लक्षणं नीट पाहिली तर निम्मं काम घरीच होतं.

- गाडी एका बाजूला बसली आहे: पाटा किंवा स्प्रिंग तपासा. सपाट जागेवर गाडी लावून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा कमी-जास्त असल्याने माप चुकतं. डाव्या-उजव्या बाजूत मोठा फरक असेल तर खालच्या बाजूचा पाटा बसलेला किंवा तुटलेला असू शकतो.
- स्पीड ब्रेकरनंतर गाडी डुलत राहते: शॉकअप संपला आहे. त्याच्या अंगावर तेलाचा हलका ओलसरपणा चालतो, पण तेल ओघळत असेल तर तो बदलायलाच हवा.
- कमी वेगात खट-खट आवाज: बुश, शॅकल किंवा शॉकअपच्या टोकाचं रबर गेलं आहे. लोखंडी पहारीने पाट्याचं टोक हलवून पाहिलं की ढिलेपणा लगेच दिसतो.
- गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतो: आधी टायरमधली हवा, मग बॉल जॉइंट, अलाइनमेंट आणि सेंटर बोल्ट तपासा. सेंटर बोल्ट तुटला तर अख्खा ॲक्सल सरकतो.

गाडीचा कोपरा दाबून सोडायची युक्ती अनेकांना माहीत असते. ती कॉइल स्प्रिंगच्या गाडीला बरी चालते. जुन्या जीपला मात्र ती फसवते, कारण अनेक पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणामुळेच गाडीची उसळी थांबते. शॉकअप मेलेला असला तरी तो चांगला वाटू शकतो. म्हणून त्याचा खालचा बोल्ट काढून तो हाताने वर-खाली करून पाहावा. दोन्ही दिशांना न अडखळता जोर लागला पाहिजे. मध्येच रिकामा धक्का लागला तर तो संपला असं समजावं.

वाळूजमध्ये शॉकअप बनतात, मग जीपला स्वस्त मिळतील का?

बजाजनगरमध्ये हा प्रश्न साहजिक आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचं मुख्यालयही वाळूज एमआयडीसीतच आहे. पण तिथल्या सस्पेन्शनचा मुख्य भर दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांवर आहे. जीपसाठी स्पेअर पार्टच्या दुकानातच जावं लागतं.

तरी औद्योगिक वसाहतीजवळ राहण्याचा एक खरा फायदा आहे. बुश काढण्या-बसवण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस लागतो आणि झिजलेल्या पिनसाठी लेथ. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश बसतानाच फाटतो. पाटा गॅरेजवाल्याकडून काढून घेऊन प्रेसचं काम वर्कशॉपमध्ये वेगळं करून घेतलं, तर काम चांगलं होतं आणि खर्चही हातात राहतो.

कमी पैशात कामाचा क्रम

१. फुकटची कामं आधी. टायरची हवा तपासा. सगळे बोल्ट पाहा. गाडीत कायम पडून राहिलेलं वजन काढा. टॉर्शन बारच्या गाडीत पुढची उंची बोल्ट फिरवून थोडी सुधारता येते. त्यानंतर अलाइनमेंट मात्र करून घ्यावं लागतं.

२. मग बुश आणि शॅकल पिन. सगळ्यात कमी खर्च आणि आवाजात सगळ्यात जास्त फरक. इथे एक गोष्ट अनेक गॅरेजमध्ये चुकते. रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यावर आल्यावरच शेवटचा पाना मारावा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. रबरला साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

३. नंतर शॉकअप, पण जोडीने. चारही एकदम घेणं जमत नसेल तर या महिन्यात मागचे दोन, पुढच्या महिन्यात पुढचे दोन. एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक जुना कधीच नको. ब्रेक मारताना किंवा वळणावर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात.

४. शेवटी पाटे. एक पाटा तुटला असेल तर तेवढाच बदलता येतो. सगळे बसले असतील तर त्यांना पुन्हा कमान देतात. पण फक्त गॅसने लाल करून वाकवलेला पाटा पुन्हा बसतो, कारण त्या उष्णतेने स्टीलचं पाणी उतरतं. कमान दिल्यावर पाट्याला पुन्हा पाणी देणारा कारागीर असेल तरच ते काम करून घ्यावं.

जुना पाटा घ्यायचा असेल तर

भंगारातून त्याच मॉडेलचा पाटा मिळतो आणि तो स्वस्तही असतो. भीती असते ती न दिसणाऱ्या तड्याची. ती तपासायची जुनी पद्धत सोपी आहे. पाटा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा, त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ ठेवा, मग कोरडा पुसून खडूची भुकटी लावा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर काळी रेघ उमटते. रेघ दिसली तर तो पाटा घेऊ नका. मधल्या पाट्यांसाठी जुना माल चालू शकतो. ज्याच्या टोकाला बुश बसतो तो मुख्य पाटा मात्र नवाच घ्यावा, कारण ॲक्सल त्याच्याच आधाराने जागेवर राहतो.

इथे पैसे वाचवू नका

- यू-बोल्ट: आवळल्यावर ते ताणले जातात. काढले की नवेच टाका आणि साधारण १०० ते १५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्या.
- तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग: वेल्डिंगच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पाटा तिथेच पुन्हा तुटतो.
- बॉल जॉइंट: तो निसटला तर चाक आडवं होतं. ढिला असेल तर तो यादीत सगळ्यात वर घ्या.
- कॉइल स्प्रिंगचं काम: दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. हे काम घरी नको.
- फक्त जॅकवर उभी गाडी: खाली जाण्याआधी चेसीखाली स्टँड लावा. ॲक्सल खाली सोडताना तो ब्रेकच्या पाइपवर लटकू देऊ नका.

'लिफ्ट किट' टाकून घेऊ का?

जुने पाटे काढलेच आहेत तर गाडी थोडी उंच करून घ्या, असा सल्ला बरेच जण देतात. उंची वाढली की गाडीचा तोल वर जातो आणि घाटात उलटण्याचा धोका वाढतो. ब्रेकचे पाइप ताणले जातात, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि नवा खर्च सुरू होतो.

कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम १८२ अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या भागाच्या जागी कंपनीच्या मापाचा भाग टाकणं ही मात्र दुरुस्तीच आहे.

खरेदी करताना

भाव किमान तीन दुकानांत विचारा. भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. पार्ट नंबर जुन्या भागाशी किंवा गाडीच्या पुस्तिकेशी जुळवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी तो बहुतेक भागांवर २८ टक्के होता. त्यामुळे जुन्या दराने भाव सांगितला जात असेल तर पक्कं बिल मागा. वॉरंटीसाठीही तेच लागतं. काढलेले जुने भाग परत मागून घ्या, म्हणजे खरंच काय बदललं ते कळतं.

तीन महिन्यांचं एक गणित

समजा, चारही बाजूंना पाटे असलेली जुनी जीप आहे. आवाज येतो, मागची बाजू डुलते आणि मागच्या डाव्या बाजूचा एक मधला पाटा तुटला आहे. पहिल्या महिन्यात तो पाटा, मागचे बुश आणि नवे यू-बोल्ट. पाटा सगळ्यात शेवटी, हा नियम बसलेल्या पाट्यांसाठी आहे. तुटलेला पाटा थांबत नाही, आणि गठ्ठा उघडलाच आहे तर बुशची मजुरीही वाचते. दुसऱ्या महिन्यात मागचे दोन शॉकअप. तिसऱ्या महिन्यात पुढचे बुश, पुढचे शॉकअप आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. ते आधी केलं तर पुन्हा करावं लागतं.

हे होईपर्यंत गाडीत जास्त माणसं किंवा माल भरू नये, वेग कमी ठेवावा आणि घाट टाळावा. मुख्य पाटा, यू-बोल्ट किंवा बॉल जॉइंट गेला असेल तर मात्र हप्त्यांचा विचार सोडून तो भाग बदलेपर्यंत गाडी उभीच ठेवावी.