पाषाणाची साक्ष

बखरींतील विधान अस्सल कागदाशीं ताडून पाहावें, हा धडा आमच्या इतिहाससंशोधकांनीं घालून दिला आहे. परंतु जेथें कागदच नाहीं, तेथें साक्ष कोणाची घ्यावी?

१९९३ च्या एप्रिलमध्यें विल्यम शॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञानें पश्चिम ऑस्ट्रेलियांतील सुमारें ३४६ कोटी वर्षांच्या खडकांत सूक्ष्म जीवांचे अवशेष आढळल्याचें प्रसिद्ध केलें. २००२ मध्यें मार्टिन ब्रेझियर यांनीं आक्षेप घेतला कीं, या आकृति खनिजांच्याही असूं शकतील. केवळ चेहरेपट्टीवरून वंश ठरवूं नये, हाच त्या आक्षेपाचा मथितार्थ होता.

तेव्हां शास्त्रज्ञ कार्बनाकडे वळले. निसर्गांतील कार्बनांत बारा भाराचे अणु सुमारें ९९ टक्के व तेरा भाराचे सुमारें एक टक्का असतात. जीव आपला देह रचतांना हलका अणु अधिक पसंत करतो. दगडाच्या घासून गुळगुळीत केलेल्या चकतीवर विद्युद्भारित कणांचा बारीक झोत सोडून उडालेले अणु भारानुसार वेगळे करतां येतात. २०१७ मध्यें शॉफ व जॉन व्हॅली यांनीं याच रीतीनें अकरा अवशेष तपासले, तेव्हां निरनिराळ्या जातींत कार्बनाचें प्रमाणही निरनिराळें आढळलें. तरीही सर्वांचें समाधान झालें नाहीं; कारण निर्जीव रसायनक्रियेंतही हलका कार्बन सांचूं शकतो.

त्याच १९९३ सालीं, ३० सप्टेंबरच्या पहाटें, लातूर जिल्ह्यांतील किल्लारीची भूमि हादरली व सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. या अनर्थाचें कारण शोधण्यासाठीं पुढें तेथें ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यांत आलें. वर ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखालीं अवघा आठ मीटर गाळाचा थर, आणि त्याच्याही खालीं सुमारें अडीचशें कोटी वर्षांचा मूळ खडक. असाच पुरातन खडक नांदेड जिल्ह्यांत देगलूर-मुखेडकडे उघडा दिसतो.

तप्त रसांतून थिजलेल्या खडकांत जीवाची नोंद सांपडण्याची आशा फारशी नसते. म्हणून येथें जुन्या जीवाचा माग घ्यावयाचा तर त्या आठ मीटरांच्या पानांतच घ्यावा लागेल. तेंही पान लाव्ह्याखालीं दडपलेलें. आणि अतिउष्णतेनें कार्बनाचें प्रमाण बदलतें. साक्षीदारावर दाब आला होता काय, हें न्यायाधीश आधीं पाहतो. येथेंही तेंच करावें लागेल.

आकृति, कार्बन व सभोंवतालचा खडक या तिघांची जबानी जुळली, तरच निर्णय द्यावा. किल्लारींत उध्वस्त झालेल्या घरांतील माणसांचीं नांवें सांगणारे आप्त आज आहेत. ज्या जीवांस आप्त उरले नाहीं, त्यांच्याविषयीं बोलतांना इतिहासकाराची जबाबदारी अधिकच वाढते, असें आम्हांस वाटतें.