डांबराखालचे गणित

अभियांत्रिकी शिकताना प्रयोगशाळेत एका गोष्टीचा मला फार वैताग येई. मातीचा साचा भरायचा आणि चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा. ‘सर, रस्ता काय तळ्यात बांधायचाय?’ असे मी एकदा विचारलेच. सर हसून म्हणाले, ‘आषाढात काळ्या शिवारातून चालून ये, मग बोलू.’

ही चाचणी मूळची कॅलिफोर्नियाची. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या महामार्ग विभागात ओ. जे. पोर्टर यांनी खचलेल्या रस्त्यांची पाहणी करून ती बसवली. ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या भिजलेल्या मातीत सावकाश दाबायचा. तेवढाच तो उत्तम खडीत रुतवायला जो भार लागतो, त्याच्या शेकडा किती भार या मातीला पुरतो, ते काढायचे. आपल्या काळ्या मातीचा आकडा बऱ्याचदा दोन ते चारच्या घरात येतो. आकडा जितका लहान, तितके वरचे मुरूम-खडीचे थर जाड. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी याच आधारे धावपट्ट्या आखल्या.

माती कळली, पण वाहनांचा हिशेब उरला. त्यासाठी इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्त्यांची सहा वेटोळी बांधली. १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे त्यांतल्या पाचांवर सैनिकांनी ठरावीक वजनांचे ट्रक फिरवले. अकरा लाखांहून अधिक आसांचा भार रस्त्यांवर पडला. निष्कर्ष असा निघाला, की रस्त्याचे नुकसान आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट! आठ टनी आसाची एक फेरी म्हणजे आठशे किलोच्या आसाच्या दहा हजार फेऱ्या. तिथेही वसंतात बर्फ वितळून माती ओली झाली, तेव्हाच डांबरी रस्ते सर्वाधिक फुटले. सरांचा आषाढ मला तेव्हा आठवला.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७०च्या मार्गदर्शिकेत दररोजची व्यापारी वाहने मोजून जाडी ठरे. १९८४च्या आवृत्तीपासून रस्त्याच्या आयुष्यभरात जाणारे ८.१६ टनांचे प्रमाणित आस मोजू लागले. म्हणजे वाहनांच्या संख्येइतकेच त्यांचे वजनही हिशेबात आले.

आता हे गणित आपल्या खिशाशी लावून पाहू. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर नेली. मालवाहतूक स्वस्त व्हावी, हा हेतू. वाढ जेमतेम १३ टक्के. पण चौथ्या घाताने नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. सगळेच आस इतके जड झाले, तर पंधरा वर्षांसाठी आखलेला रस्ता दहाएक वर्षांत थकेल. ही झाली कायद्यातली वजने. मर्यादेबाहेर भरलेल्या ट्रकांचा हिशेब वेगळाच.

खड्डा दिसला, की आपण पावसाला आणि कंत्राटदाराला बोल लावतो. कंत्राटदाराला जाब जरूर विचारावा. पण वजनकाटा चुकवून रात्री निघून गेलेल्या ट्रकचाही हिशेब मागायला हवा. त्याने भाड्यात वाचवलेले पैसे पुढच्या डांबरीकरणात तुम्ही-आम्हीच भरत असतो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)