वाहन तपासणी आणि प्राणघातक बळाचा वापर

रस्त्याने जाणारी मोटार पोलिसाने अडवावी, परवाना पाहावा, दंडाची पावती हाती द्यावी आणि चालकाने आपल्या वाटेला लागावे, एवढाच हा साधा व्यवहार. अमेरिकेत तो वर्षाकाठी दोन कोटींहून अधिक वेळा घडतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच आटोपतो. सामान्य अमेरिकी नागरिकाचा पोलिसांशी जो काही संबंध येतो, तो प्रामुख्याने याच निमित्ताने. मात्र यांपैकी काही प्रसंगांचा शेवट गोळीबारात होतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तानुसार, त्याआधीच्या पाच वर्षांत अशा तपासणीच्या वेळी चारशेहून अधिक चालक वा प्रवासी पोलिसांच्या हातून मारले गेले. त्यांच्या हाती बंदूक किंवा चाकू नव्हता, की कोणत्याही हिंसक गुन्ह्यासाठी त्यांचा पाठलाग सुरू नव्हता. या मृत्यूंबद्दल दोषी ठरलेल्या पोलिसांची संख्या होती अवघी पाच.

किरकोळ नियमभंग आणि मृत्यू यांतील हे अंतर इतक्या झटपट कसे कापले जाते आणि कायदा त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हा अमेरिकी न्यायव्यवस्थेपुढील जुना प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिलेल्या एका निकालाने त्याला नवे वळण मिळाले.

कायद्याची चौकट

ज्या बळाच्या वापराने माणसाचा मृत्यू किंवा गंभीर इजा होण्याची दाट शक्यता असते, त्यास कायद्याच्या परिभाषेत प्राणघातक बळ म्हणतात. बंदुकीची गोळी हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथी दुरुस्ती १७९१ पासून अस्तित्वात असून, सरकारने केलेल्या अवाजवी झडतीपासून व अटकावापासून ती नागरिकाला संरक्षण देते. पोलिसाने गोळी झाडून माणसाला रोखणे हाही एक प्रकारचा अटकावच होय. म्हणूनच तो वाजवी होता की नाही, हे न्यायालयाला तपासता येते. पोलिसांविरुद्ध नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग १८७१ च्या नागरी हक्क कायद्याने खुला केला. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील कृष्णवर्णीयांवर होणारे अत्याचार रोखणे हा त्या कायद्याचा मूळ हेतू होता.

पूर्वापार चालत आलेला नियम मात्र पोलिसांना मोकळीक देणारा होता. गंभीर गुन्ह्याचा संशयित पळत असेल, तर त्याला थांबवण्यासाठी गोळी घालण्याची मुभा अनेक राज्यांत होती. १९७४ मध्ये टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात कुंपण ओलांडून पळणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलावर पोलिसाने गोळी झाडली. मुलगा निःशस्त्र असल्याची त्या पोलिसाला बऱ्यापैकी खात्री होती. मृत मुलाजवळ सापडलेला ऐवज होता दहा डॉलर आणि एक पर्स. 'टेनेसी विरुद्ध गार्नर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हा जुना नियम मोडीत काढला. संशयितापासून पोलिसाला किंवा इतरांना मृत्यूचा वा गंभीर इजेचा धोका आहे, असे मानण्यास सबळ कारण असेल तरच पळणाऱ्यावर प्राणघातक बळ वापरता येईल, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

चार वर्षांनी आलेला 'ग्रॅहम विरुद्ध कॉनर' हा निकाल आजही या क्षेत्रातील पायाभूत निकाल मानला जातो. त्याचा उगमही मोटार अडवण्यातच आहे. नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट येथे मधुमेहाने ग्रस्त असलेला एक गृहस्थ १९८४ मध्ये रक्तातील साखर घसरू लागल्याने संत्र्याचा रस घेण्यासाठी दुकानात शिरला. रांग लांब दिसताच घाईने बाहेर पडून मित्राच्या मोटारीत बसला. ही लगबग एका पोलिसाला संशयास्पद वाटली व त्याने मोटार अडवली. पुढच्या झटापटीत त्या रुग्णाच्या पायाचे हाड मोडले. दुकानात काहीच गैर घडले नसल्याचे नंतर कळले. १५ मे १९८९ रोजी न्यायालयाने दंडक घालून दिला : पोलिसाच्या मनातील हेतू नव्हे, तर त्याच्या कृतीचा वस्तुनिष्ठ वाजवीपणा पाहावा आणि तो घटनास्थळी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून पाहावा, घटना घडून गेल्यावर सुचणाऱ्या शहाणपणातून नव्हे. गुन्ह्याचे गांभीर्य, तत्काळ धोका आणि प्रतिकार वा पलायन हे तीन निकष त्यात सांगितले गेले.

अडवण्याचा अधिकार

गोळीबाराच्या आधी मोटार अडवली जाते, आणि हा अधिकार बराच विस्तृत आहे. कोणताही संशय नसताना निव्वळ कागदपत्रे पाहण्यासाठी मनाला येईल ती मोटार अडवता येणार नाही, असे १९७९ मध्ये न्यायालयाने बजावले. परंतु रीतसर अडवलेल्या मोटारीच्या चालकाला खाली उतरण्याचा हुकूम देण्याचा अधिकार १९७७ मध्ये, तर प्रवाशांना उतरवण्याचा अधिकार १९९७ मध्ये मान्य झाला. 'रेन विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या १९९६ च्या निकालाने आणखी एक दार उघडले. वाहतुकीचा कोणताही नियम खरोखर मोडला गेला असेल, तर पोलिसाचा अंतस्थ हेतू वेगळा असला तरी मोटार अडवणे वैध ठरते, असे न्यायालयाने एकमताने म्हटले. विझलेला दिवा किंवा मुदत संपलेली नोंदणी हे त्यामुळे अन्य तपासाचे निमित्त ठरू शकते.

या निमित्तांचा भार सर्वांवर सारखा पडतो काय? स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे दहा कोटी तपासण्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. चालकाचा वर्ण बाहेरून ओळखणे कठीण होते अशा अंधाराच्या वेळी अडवल्या गेलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण कमी झाल्याचे त्यात आढळले. त्यावरून अडवण्याच्या निर्णयात वर्णाचा वाटा असल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

भीतीचे गणित

पोलिसांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. अमेरिकेत खासगी बंदुका मुबलक आहेत. अडवलेल्या मोटारीत कोण आहे, त्याच्या आसनाखाली काय आहे, हे पोलिसाला ठाऊक नसते. अशा तपासणीत पोलिसांनीही प्राण गमावले आहेत. मात्र प्रशिक्षणात याच धोक्यावर दिला जाणारा भर प्रत्यक्षाशी किती जुळतो, याची तपासणी जॉर्डन ब्लेअर वूड्स या कायद्याच्या अभ्यासकाने २०१९ मध्ये केली. फ्लोरिडातील दोनशेहून अधिक पोलिस दलांच्या दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. नेहमीच्या वाहन तपासणीत पोलिसाचा खून होण्याचे प्रमाण साधारण ६५ लाख तपासण्यांमागे एक इतके आढळले. धोका खरा आहे, परंतु विरळ आहे. प्रत्येक हालचालीत तो शोधणारी नजर मात्र रोजची होऊन बसते.

त्या नजरेची किंमत काही प्रकरणांनी जगापुढे आणली. दक्षिण कॅरोलिनातील नॉर्थ चार्ल्सटन येथे एप्रिल २०१५ मध्ये बंद पडलेल्या ब्रेकच्या दिव्यावरून अडवलेला वॉल्टर स्कॉट पळू लागला, तेव्हा पोलिसाने पाठीमागून आठ गोळ्या झाडल्या. वाटसरूने केलेल्या चित्रीकरणामुळे पोलिसाने सांगितलेली हकिगत खोटी ठरली आणि त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. मिनेसोटात जुलै २०१६ मध्ये अडवलेल्या फिलँडो कॅस्टिल याने आपल्याजवळ बंदूक असल्याचे स्वतःहून सांगितले. ती बाळगण्याचा परवानाही त्याच्याकडे होता. क्षणार्धात त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. मोटारीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. तो पोलिस पुढील वर्षी निर्दोष सुटला. त्याच राज्यात एप्रिल २०२१ मध्ये एका महिला पोलिसाने विद्युत झटक्याचे उपकरण समजून पिस्तूल चालवले आणि वीस वर्षांचा डाँटे राइट मरण पावला. तिला दोन वर्षांची शिक्षा झाली.

दोन सेकंदांचा प्रश्न

२८ एप्रिल २०१६ रोजी ह्यूस्टनजवळील महामार्गावर अ‍ॅश्टियन बार्न्स हा चोवीस वर्षांचा तरुण भाड्याची मोटार चालवत होता. त्या मोटारीच्या नावावर पथकर थकल्याची नोंद होती, म्हणून पोलिसाने ती अडवली. कागदपत्रांवरून बोलणे झाले. पोलिसाने खाली उतरण्यास सांगितले. बार्न्सने दार उघडले, पण इंजिन पुन्हा सुरू केले. मोटार हलताच पोलिसाने दाराच्या उंबरठ्यावर उडी घेतली आणि आत नीट दिसत नसतानाही दोन गोळ्या झाडल्या. मोटार हलण्यापासून थांबेपर्यंत सुमारे पाच सेकंद गेले. उंबरठ्यावर पाय ठेवल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत अवघे दोन.

बार्न्सच्या आईने दावा दाखल केला. संबंधित अपील न्यायालयाच्या नियमानुसार केवळ 'धोक्याचा क्षण' विचारात घ्यायचा होता, म्हणजे ते दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत चालत्या मोटारीला लटकलेल्या पोलिसाच्या जिवाला धोका होता, हे उघड होते; सबब दावा फेटाळला गेला. तो तिथे लटकला कसा, हा प्रश्नच नियमाने बाद केला होता. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशांनी स्वतंत्र मतपत्रात आपल्याच न्यायालयाच्या नियमावर टीका केली, हे उल्लेखनीय.

सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२५ रोजी, ग्रॅहम निकालाच्या छत्तिसाव्या वर्षदिनी, हा नियम एकमताने रद्द ठरवला. न्यायमूर्ती एलिना केगन यांनी लिहिलेल्या निकालानुसार परिस्थिती समग्रपणे पाहावी लागते. आधीच्या घटना वगळून कोणत्याही क्षणाचा अर्थ लावता येत नाही. आधीचा घटनाक्रम पोलिसाच्या बाजूनेही जाऊ शकतो आणि विरुद्धही. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हानॉ यांनी तीन सहकाऱ्यांसह वेगळे सहमतिपत्र लिहून वाहन तपासणीतील धोके अधोरेखित केले. पोलिसाने स्वतःच धोका ओढवून घेतला असेल तर काय, या कळीच्या प्रश्नावर मात्र न्यायालयाने भाष्य टाळले आणि खटला फेरविचारासाठी खाली पाठवला.

या निकालामुळे भरपाईची वाट सोपी झाली, असे समजणे घाईचे ठरेल. सुस्पष्टपणे प्रस्थापित झालेल्या हक्काचा भंग झाल्याशिवाय सरकारी अधिकारी वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरत नाही, हे न्यायालयांनीच घडवलेले संरक्षण कायम आहे.

उपायांची दिशा

न्यायालयाबाहेरही प्रयत्न झाले. चालत्या मोटारीवरील गोळीबाराला न्यूयॉर्क पोलिस दलाने १९७२ मध्येच लगाम घातला. त्यामागचा विचार सरळ आहे : गोळीने मोटार थांबत नाही, आणि चालक मेला तर ती बेफाम धावते. व्हर्जिनिया राज्याने २०२१ पासून, तर फिलाडेल्फिया शहराने २०२२ पासून काही किरकोळ त्रुटींसाठी मोटार अडवण्यास मनाई केली. मेम्फिसनेही २०२३ मध्ये तसे नियम केले. राज्य सरकारने पुढच्याच वर्षी कायदा करून ते निष्प्रभ केले.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही, याचे स्मरण दिल्लीच्या एका घटनेने भारतीयांना आहे. ३१ मार्च १९९७ रोजी कॅनॉट प्लेसजवळ गुंड समजून पोलिसांनी एका मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला आणि दोन निरपराध व्यावसायिक ठार झाले. दहा पोलिसांना जन्मठेप झाली. ती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. पुढे 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात २०१४ मध्ये पोलिस चकमकीतील मृत्यूंच्या स्वतंत्र तपासासाठी सोळा मार्गदर्शक तत्त्वे घालून देण्यात आली.

पोलिसाला निर्णयासाठी क्षणच मिळतो, हे अमान्य करता येणार नाही. पण तो क्षण आपोआप उगवत नाही. मोटार कशासाठी अडवली, हुकूम कोणत्या शब्दांत दिला, पळणाऱ्याला जाऊ देऊन नंतर घरी गाठता आले असते काय, या साऱ्यांतून तो घडतो. मोटारीचा क्रमांक पोलिसांच्या हाती होताच. थकलेला पथकर नंतरही वसूल करता आला असता.