मुलांचा संधिवात : थांबू नका, उपचार लवकर सुरू करा
संधिवात म्हातारपणीच होतो असे आपण धरून चालतो. पण तो 16 वर्षांखालील मुलांनाही होतो. एखादा सांधा 6 आठवडे सुजलेलाच राहिला, मूल फजरला आखडलेले उठले आणि दिवस चढल्यावर मोकळे झाले, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडू नका. आरए टेस्ट निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो; बहुतेक मुलांत ती निगेटिव्हच येते.

नुसत्या दुखण्याच्या गोळीने त्रास कमी होतो, पण सांध्याची खराबी थांबत नाही. एक-दोन सांधे असतील तर डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. जास्त असतील तर मेथोट्रेक्सेट. ‘हे तर कॅन्सरचे औषध’ म्हणून घाबरू नका, इथे डोस फार कमी असतो. मात्र ते आठवड्यातून एकदाच द्यायचे, रोज नाही. रक्ततपासणी चुकवू नका.

डोळ्यांना आतून सूज येते, लाली नसतानाही नजर जाऊ शकते. म्हणून डोळे नियमित तपासून घ्या.

रिसोड असो की कारंजा, आधी जवळच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज पडल्यास अकोला किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी चिठ्ठी मागा. वेळेवर औषध मिळाले तर आपली बहुतेक मुले इतरांसारखी खेळू शकतात, इन्शाअल्लाह.