इंग्रजी भाषेतील स्वभाववाचक शब्दसंपदा

मनुष्याचा स्वभाव, शील, वृत्ती आणि वर्तनाची स्थायी धाटणी व्यक्त करणाऱ्या इंग्रजी विशेषणांचा, नामांचा व सामासिक शब्दांचा समूह. या समूहात तीन संज्ञा पायाभूत मानल्या जातात. ‘टेंपरमेंट’ ही उपजत प्रकृतीची, ‘पर्सनॅलिटी’ ही समग्र व्यक्तिमत्त्वाची, तर ‘कॅरॅक्टर’ ही नीतीच्या कसोटीवर पारखलेल्या शीलाची वाचक होय. या शब्दांपैकी बहुसंख्य शब्द वर्णन आणि निवाडा ही दोन्ही कार्ये एकाच उच्चारात करतात, आणि त्यामुळे ज्या समाजाने ते घडविले त्याचे वैद्यक, त्याची वर्गव्यवस्था, त्याचा धर्म व त्याचे पूर्वग्रह यांचा इतिहासही त्यांत साठून राहिला आहे.

उगम : या संपदेचा सर्वांत जुना विद्याप्रणीत थर ग्रीक वैद्यकातून आला. रक्त, कफ, पीत पित्त आणि कृष्ण पित्त या चार देहद्रवांच्या प्रमाणावर मनुष्याची प्रकृती ठरते, हा ग्रीक वैद्य गेलेनच्या नावाशी निगडित झालेला सिद्धांत मध्ययुगीन युरोपात सर्वमान्य होता. त्यातूनच उल्हसित व आशावादी अशा अर्थी ‘सँग्विन’, मंद व अविचल अशा अर्थी ‘फ्लेग्मॅटिक’, कोपिष्ट अशा अर्थी ‘कॉलरिक’ आणि विषण्ण अशा अर्थी ‘मेलंकोलिक’ हे शब्द इंग्रजीत रुळले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत जमीनदार फ्रँकलिनला रक्तप्रधान आणि कारभारी रीव्हला पित्तप्रधान म्हटले आहे, त्या काळच्या वाचकाला या एका शब्दातून त्या माणसाचा वर्ण, आहार आणि राग-लोभ यांची कल्पना येत असे. 1598 मध्ये रंगभूमीवर आलेले बेन जॉन्सनचे ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हे नाटक आणि 1621 मध्ये प्रसिद्ध झालेला रॉबर्ट बर्टनचा ‘दि अ‍ॅनाटमी ऑफ मेलंकली’ हा विशाल ग्रंथ याच कल्पनेवर उभे आहेत. वैद्यकाच्या जोडीला फलज्योतिषही होते. गुरूच्या प्रभावाखालचा आनंदी मनुष्य ‘जोव्हिअल’, शनीच्या छायेतील उदास मनुष्य ‘सॅटर्नाइन’ आणि बुधाप्रमाणे चंचल तो ‘मर्क्युरिअल’. पुढे ते वैद्यक कालबाह्य झाले, ग्रहांवरील श्रद्धाही ओसरली. तथापि हे शब्द आपल्या उपपत्तीवाचून आजही व्यवहारात आहेत.

दुसरा प्रवाह साहित्यातून आला. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने तीस दुर्गुणी नमुन्यांची लघुचित्रे रेखाटली होती. इझाक कॅझोबाँच्या 1592 च्या आवृत्तीने ती युरोपभर पोहोचली आणि तिच्या प्रेरणेने जोसेफ हॉल याने 1608 मध्ये, तर जॉन अर्ल याने 1628 मध्ये इंग्रजीत अशीच स्वभावचित्रे प्रसिद्ध केली. कादंबरीने हे कार्य पुढे नेले आणि काही पात्रांची नावेच स्वभाववाचक झाली. सर्व्हांतीसच्या नायकावरून स्वप्नाळू ध्येयवेडाला ‘क्विक्सॉटिक’ हे विशेषण मिळाले, आणि डिकन्सच्या 1843 मधील कथेतील स्क्रूज कृपणाचा पर्याय होऊन बसला.

सामाजिक थर : स्वभाववाचक शब्दांच्या मुळाशी अनेकदा समाजातील उतरंड आढळते. ‘जेंटल’ म्हणजे मुळात कुलीन, ‘जेनरस’ म्हणजेही उच्चकुलोत्पन्न, आणि ‘लिबरल’ म्हणजे दास नसलेल्या स्वतंत्र नागरिकाला शोभणारा. हे तीनही शब्द पुढे सौम्यता, औदार्य आणि मनाचा मोकळेपणा यांचे वाचक ठरले. उलटपक्षी ‘व्हिलन’ हा जहागिरीवर राबणारा कूळ, ‘चर्ल’ हा सामान्य प्रजाजन आणि ‘बूअर’ हा शेतकरी असताना, त्यांच्या नावांना अनुक्रमे दुष्ट, उर्मट आणि असंस्कृत हे अर्थ चिकटले. सद्गुणांची नावे वाड्यातून आणि दुर्गुणांची नावे शेतातून यावीत, ही गोष्ट ज्यांच्या हाती लेखणी व सत्ता होती त्यांच्या दृष्टीची साक्ष देते, आणि ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांच्याविषयी काहीही सिद्ध करीत नाही, हे अभ्यासकाने विसरू नये.

शब्दघटना : जर्मानिक मुळाचे ‘काइंड’, ‘बोल्ड’, ‘ग्रीडी’ यांसारखे आखूड शब्द बोलण्यात सहज येतात, फ्रेंच मार्गाने आलेल्या ‘ऑनेस्ट’, ‘कर्टिअस’ यांत दरबारी सभ्यता आहे, आणि लॅटिन वळणाचे ‘मॅग्नॅनिमस’, ‘टॅसिटर्न’, ‘लोक्वेशस’ हे ग्रंथी भाषेला शोभतात. प्रत्ययांनाही अर्थभार असतो. ‘थॉटफुल’ आणि ‘थॉटलेस’ या जोडीत शेवटचा प्रत्यय बदलताच गुणाचा दोष होतो, तर ‘सेल्फिश’ वा ‘चाइल्डिश’ यांतील प्रत्यय बहुधा अवहेलना सुचवितो. म्हणूनच निरागसतेची प्रशंसा करावयाची असल्यास ‘चाइल्डिश’ न म्हणता ‘चाइल्डलाइक’ म्हणावे लागते. हृदय, मस्तक, मन, जिव्हा व त्वचा यांवरून बनलेले ‘काइंड-हार्टेड’, ‘लेव्हल-हेडेड’, ‘नॅरो-माइंडेड’, ‘शार्प-टंग्ड’, ‘थिक-स्किन्ड’ यांसारखे सामासिक शब्द विपुल आहेत आणि नवे घडविण्याची सोयही कायम आहे.

शब्दजातीनुसार निवाड्याची तीव्रता वाढत जाते. अमुक मनुष्य खोटे बोलला, असे क्रियापदाने म्हटल्यास एका कृत्याची नोंद होते. विशेषण योजल्यास ती त्याची प्रवृत्ती ठरते. आणि ‘लायर’ हे नाम योजल्यास जणू त्याचे समग्र अस्तित्वच त्या एका कृत्यात कोंडले जाते. ‘माइझर’, ‘बुली’, ‘कॉवर्ड’, ‘स्नॉब’ ही नामे याच कारणाने त्यांच्या समानार्थी विशेषणांहून कठोर वाटतात.

वर्णन आणि निवाडा : एकाच आचरणाला वक्त्याच्या अनुकूल वा प्रतिकूल दृष्टीप्रमाणे भिन्न शब्द लाभतात. पैसा जपून वापरणारा ‘थ्रिफ्टी’ही होतो आणि ‘स्टिंजी’ही, जपून पाऊल टाकणारा ‘कॉशस’ ठरतो किंवा ‘टिमिड’, चौकस मनुष्य ‘क्यूरिअस’ म्हणून वाखाणला जातो किंवा ‘नोझी’ म्हणून हिणवला जातो. बर्ट्रंड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीच्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ या कार्यक्रमात या प्रवृत्तीला व्याकरणातील रूपावलीचा आकार दिला : तीच ठाम वृत्ती प्रथम पुरुषी दृढता, द्वितीय पुरुषी हट्ट आणि तृतीय पुरुषी मूर्ख दुराग्रह म्हणून वर्णिली जाते.

शब्दाच्या या सामर्थ्याची प्रायोगिक परीक्षाही झाली आहे. सॉलोमन अ‍ॅश यांनी 1946 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका काल्पनिक व्यक्तीचे बुद्धिमान, कुशल, उद्योगी, निश्चयी, व्यवहारी व सावध असे वर्णन ऐकविले. त्या यादीत एका गटासाठी ‘वॉर्म’ आणि दुसऱ्यासाठी ‘कोल्ड’ एवढाच फरक ठेवला असता त्या व्यक्तीची दोन्ही गटांच्या मनातील प्रतिमा पुष्कळच भिन्न निघाली. 1968 मध्ये नॉर्मन अँडरसन यांनी 555 शब्दांची विद्यार्थ्यांकडून प्रियता-अप्रियतेच्या दृष्टीने क्रमवारी लावून घेतली, तेव्हा ‘सिन्सिअर’ अग्रस्थानी आणि ‘लायर’ अगदी तळाशी आला.

अर्थांतर : समाजाची मूल्ये पालटली की निवाडाही पालटतो. ‘नाइस’ हा शब्द अज्ञ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. मध्ययुगीन इंग्रजीत तो मूर्खाला, नंतर फार चोखंदळ मनुष्याला आणि अठराव्या शतकापासून मनमिळाऊ व्यक्तीला लागू लागला. ‘सिली’ याने नेमका उलटा प्रवास केला : धन्य, निष्पाप, केविलवाणा आणि अखेर खुळा. ‘श्रूड’ आरंभी दुष्ट होता, तो आज चाणाक्ष आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत ‘एन्थ्यूझिअ‍ॅझम’ म्हणजे ईश्वराने आपल्यालाच दर्शन दिल्याचा भ्रम, आणि म्हणून तो गंभीर आक्षेप होता. आज नोकरीच्या अर्जात तोच शब्द गुण म्हणून मिरवतो. जुन्या ग्रंथांतील स्वभाववर्णन वाचताना त्या काळचा अर्थ लक्षात न घेतल्यास स्तुतीची निंदा आणि निंदेची स्तुती होण्याचा संभव असतो.

संकलन आणि मानसशास्त्र : मानवी स्वभावातील महत्त्वाचे भेद भाषेने आपोआप टिपलेले असतात, या गृहीतकावर या शब्दांचे शास्त्रीय संकलन सुरू झाले. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1884 मधील निबंधात रॉजे यांच्या पर्यायकोशाची काही पाने चाळून असे सुमारे एक हजार शब्द असावेत, असा अंदाज वर्तविला. गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ओडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेब्स्टरचा बृहत्कोश धुंडाळून 1936 मध्ये 17,953 शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि तिचे चार रकाने पाडले : स्थायी गुणांचे 4,504, तात्कालिक मनःस्थितींचे 4,541, केवळ सामाजिक मूल्यमापनाचे 5,226 आणि संकीर्ण 3,682. यांतील सर्वांत मोठा रकाना मूल्यमापनाचा निघाला, ही बाब विशेष लक्षणीय होय.

रेमंड कॅटेल यांनी स्थायी गुणांच्या यादीचा संक्षेप करून 1949 मध्ये सोळा घटकांची प्रश्नावली तयार केली. अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या अर्नेस्ट ट्यूप्स व रेमंड क्रिस्टल यांना 1961 मध्ये पाच घटक पुनःपुन्हा आढळले, 1963 मध्ये वॉरन नॉर्मन यांनी त्यांना पुष्टी दिली, आणि 1981 मध्ये लुइस गोल्डबर्ग यांनी त्यांना ‘बिग फाइव्ह’ हे नाव दिले. बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि बौद्धिक मोकळेपणा हे ते पाच घटक होत. पुढे मायकेल अ‍ॅश्टन व किबॉम ली प्रभृतींनी 2004 मध्ये डच, कोरियन, पोलिश इत्यादी सात भाषांतील अभ्यासांवरून प्रामाणिकपणा-नम्रता हा सहावा घटक मांडला. एका भाषेचा कोश म्हणजे मानवजातीचा कोश नव्हे, हे या पुरवणीने स्पष्ट झाले.

व्यवहार : ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने लिहिलेला स्वभाववाचक शब्द दुसऱ्याच्या उपजीविकेचा फैसला करू शकतो. इंग्लंडात घरगुती नोकरास पूर्वीच्या धन्याने दिलेल्या शिफारसपत्रालाच ‘कॅरॅक्टर’ म्हणत. त्यावाचून दुसरीकडे चाकरी मिळणे दुरापास्त असल्याने बनावट पत्रांचा सुळसुळाट झाला आणि त्याला आळा घालण्यासाठी 1792 मध्ये पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला. एतद्देशीय सरकारी दफ्तरात वरिष्ठाने भरावयाच्या मूल्यमापन अहवालातील ‘इंटेग्रिटी’चा रकाना आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यातील वर्तणुकीचा शेरा हे याच शिरस्त्याचे वारसदार म्हणता येतील.

महाराष्ट्रात या शब्दांना मराठी प्रतिशब्द देण्याचे पायाभूत कार्य मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशाने केले. ‘प्रॅक्टिकल’, ‘इमोशनल’, ‘सिन्सिअर’, ‘स्ट्रिक्ट’ हे शब्द आता मराठी बोलण्याचाच भाग झाले असले, तरी काहींचे अर्थ येथे वेगळे रुजले आहेत. विवाहविषयक जाहिरातींत ‘होमली’ म्हणजे घरात रमणारी, गृहकृत्यदक्ष वधू. अमेरिकी इंग्रजीत मात्र त्याच शब्दाने रूपाने सामान्य वा कुरूप स्त्री सूचित होते.

शिक्षक, अधिकारी, परीक्षक आणि चरित्रकार यांनी हे शब्द योजताना पाळावयाचा नियम या सर्व इतिहासातून निष्पन्न होतो : प्रथम आचरणाचा तपशील द्यावा, तो किती वेळा व कोणत्या परिस्थितीत दिसला हे नमूद करावे, आणि त्यानंतरच विशेषणाकडे वळावे. तपशील सोबत असल्यास वाचक निवाड्याची फेरतपासणी करू शकतो आणि ज्याच्याविषयी लिहिले त्यालाही उत्तर देण्याची संधी राहते. नुसत्या विशेषणाने मात्र आरोपही होतो आणि शिक्षाही, पुरावा तेवढा मागे राहतो.