वखराच्या मुलखात लोखंडी नांगर

वाशीमच्या काळ्या रानात नांगराला राजेपण कधी मिळाले नाही. ते वखराकडे होते. उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी आणि पहिल्या पावसाबरोबर फुगून त्या भेगा आपणच मिटवणारी ही चिकण माती दरसाल खोल उलथण्याची गरज नसते, म्हणून आडव्या पासेचा, म्हणजे लोखंडी पात्याचा, वखर उभा-आडवा फिरवून तण कापावे, ढेकळे फोडावीत आणि मृगाकडे डोळे लावून बसावे, अशी येथील कुणब्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. हरळी किंवा कुंदा माजून रान हातचे जाऊ लागले, की मगच अवजड लाकडी नांगर बाहेर निघे, आणि त्याला ओढण्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बैलजोड्यांची जुळवाजुळव करावी लागे. 1853 च्या तहाने वाशीमसह वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे दप्तरात ‘बासिम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा नोंदला गेला, 1905 मध्ये तो मोडून अकोल्यात मिळवला गेला आणि 1 जुलै 1998 रोजी वाशीम या नावाने पुन्हा उभा राहिला. हद्दी अशा पुसल्या आणि ओढल्या जात असताना वखराची पास मात्र त्याच तासांतून फिरत होती.

या पासेची पुढे ज्या कारखान्याच्या लोखंडाशी गाठ पडायची होती, त्याचा जन्म मातीपासून फार दूर झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही असे आढळल्यावर त्यांनी रंग सोडून रेषा पत्करल्या, यांत्रिक रेखनात प्रावीण्य मिळवले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते अध्यापन करू लागले. बंधू रामूअण्णांच्या साहाय्याने 1888 मध्ये बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले होते. तंत्रशाळेत हक्काची बढती डावलली गेल्यावर चाकरीला रामराम ठोकून ते बेळगावास आले आणि दुकानाच्या जोडीला कारखाना उभा राहिला. त्यातून आधी कडबा कापण्याचे यंत्र बाहेर पडले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

तो नांगर खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली, ही कथा किर्लोस्करांच्या चरित्रात हटकून येते. ती खोटी नव्हे. पण तिच्यावरून कुणबी अडाणी होता असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. वखराची पास लोखंडाचीच असते, लाकडी नांगराच्या फाळालाही लोखंडच असते, आणि ते लोखंड या जमिनीतून शतकानुशतके फिरत आले आहे. तेव्हा विषाची भाषा बोलणाऱ्याच्या मनात भय असलेच, तर ते निराळ्या गोष्टीचे असावे. बोथटलेली पास खात्याकडे, म्हणजे गावच्या लोहाराकडे, न्यावी, त्याने ती भट्टीत लाल करून, ठोकून, शेवटून द्यावी आणि सुगीला बलुत्याचे धान्य घेऊन जावे, असा गावातल्या गावात पुरा होणारा व्यवहार होता. कारखान्यात ओतलेले बीड मात्र घणाखाली ठेवले तर लांबत नाही, तडकते. नांगर मोडला तर तो दुरुस्त करणारा माणूस गावात नाही, ही अडचण कुणब्याने कदाचित ‘विष’ या एका शब्दात सांगितली असेल.

बिडाचा हा गुण-दोष आधी ओळखला तो इंग्लंडातील इप्सविच गावच्या रॅन्सम घराण्याने. 1789 पासून तेथे कारखाना चालवणाऱ्या रॉबर्ट रॅन्समने 1803 मध्ये एका फाळाचे एकस्व घेतले. त्यातली युक्ती अशी, की ओतीव फाळाचा खालचा पृष्ठभाग झटकन थंड करून टणक करावा आणि वरचा त्यामानाने मऊ राहू द्यावा, म्हणजे चालता चालता वरची बाजू आधी झिजते आणि खालची टणक धार उघडी पडत जाते. हा फाळ स्वतःच स्वतःला पाजवतो. लोहाराची गरज संपली, तिच्या जागी कारखान्याची गरज आली. या घराण्याची पुढची वाटचाल मोठी विलक्षण आहे. ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग या यंत्रकाराने लोकरी कापडावरची लव कातरणारे गिरणीतील यंत्र पाहून 1830 मध्ये हिरवळ कातरण्याच्या यंत्राचे एकस्व मिळवले आणि दोनच वर्षांत ते बनवण्याचा परवाना रॅन्समांनी घेतला. पुढे 1902 मध्ये पेट्रोलवर चालणारे हिरवळकातर यंत्र त्यांनीच बाजारात आणले. नांगराच्या कारखान्यातून बागेचे यंत्र निघाले ते असे.

किर्लोस्करांच्या वाट्याला तेवढे स्वास्थ्य नव्हते. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जागा आणि कर्जाऊ रक्कम देऊ केली, आणि 1910 मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आपल्या मालाची माहिती खेडोपाडी पोचावी म्हणून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्यातून एक वाङ्मयीन मासिक उदयास येईल असे त्या वेळी क्वचितच कोणाला वाटले असेल. 1926 मध्ये पाण्याचे पंप बनू लागले आणि 1946 मध्ये, लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने, पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली.

वाशीमच्या बागाइतदाराच्या दृष्टीने कंपनीच्या इतिहासातला निर्णायक क्षण हा पंपाचा आणि एंजिनाचा, नांगराचा नव्हे. इंग्लंडातील बागेला पाऊस फुकट मिळतो, म्हणून तेथले बागेचे यंत्र गवत कापण्यापासून सुरू होते. मंगरूळपीर-कारंजाच्या भागात संत्र्याचे झाड जगते ते विहिरीवर, म्हणून येथले बागेचे पहिले यंत्र पाणी उपसणारे. विहीर खोदण्यासाठी 1883 च्या आणि बैल-बियाण्यासाठी 1884 च्या कायद्याने सरकारी तगाई मिळू लागली होती खरी, पण विहिरीतले पाणी मोटेनेच वर यायचे आणि मोट बैलाच्या दमाइतकीच चालायची. धावेवरचे बैल सुटले आणि विहिरीच्या काठी डिझेलचे एंजिन ठोके देऊ लागले, तेव्हा कुठे झाडाला पाण्याचा ताण देणे आणि तो तोडणे मालकाच्या इच्छेवर आले. आंबिया बहार धरावा की मृग बहार, हा निर्णय पूर्वी विहिरीच्या पाण्याबरोबर बैलांकडेही असे.

आता त्याच कंपनीचा ‘मेगा टी’ नावाचा पॉवर टिलर मिळतो. बारा-पंधरा अश्वशक्तीचा, दोन मुठी धरून मागून चालवण्याचा. झाडांच्या खाली झुकलेल्या फांद्यांत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, तेथे असले यंत्र शिरते. गंमत अशी, की संत्र्याची अन्न शोषणारी मुळे मातीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात, त्यामुळे बागेत खोल काही करता येत नाही. तण वरच्यावर कापायचे आणि माती भुसभुशीत ठेवायची एवढेच काम. म्हणजे यंत्राला पेट्रोल पाजा की डिझेल, बाग त्याच्याकडून वखराचेच काम मागते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, जे 1969 मध्ये स्थापन झाले, शेती-यंत्रांचा स्वतंत्र विभाग आहे. पण या मातीला उथळ मशागत मानवते, हे ज्ञान त्याच्याही आधी पासेच्या लांबीत आणि कोनात साठवलेले होते.

खात्याचा भाता बहुतेक गावांतून विझला, त्याच्या जागी तालुक्याच्या रस्त्यावर वेल्डिंगची दुकाने आली. ट्रॅक्टरमागे लावायचा वखर आणि त्याची ‘व्ही पास’ तेथे तयार होते, आणि कोणत्याही कंपनीच्या सूचिपत्रात न सापडणारे आणखी एक अवजारही. ज्याच्याकडे बैल नाहीत आणि यंत्राला पैसे नाहीत, असा दोन-चार एकरांचा धनी जुनी सायकल तेथे घेऊन येतो. कारागीर तिचे पुढचे चाक ठेवतो, मागचे काढतो, सांगाड्याला डवऱ्याची छोटी पास जोडतो, आणि सोयाबीनच्या दोन तासांमधून माणूस ते चाक आपल्या हातांनी ढकलत डवरणी करतो. त्याची पास बोथट झाली तर ती दुकानात पुन्हा घासून मिळते. याला सायकल डवरा म्हणतात. बेळगावात 1888 साली दोघा भावांनी दुकान मांडले होते, तेही सायकलींचेच.